टोकाचं पाणी

आमच्या घरामागून पाट वाहायचा आणि घरातली निम्मी कामं त्याच्या आवाजावर चालायची. पाट काठोकाठ भरून चालला की त्याला आवाजच नसतो, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. बडबड करतं ते कमी पाणी. दगडाला लागतं, मुळांत अडकतं, धुण्याच्या पाटीखाली गुळगुळ करतं. बाबा ओट्यावर बसून माझ्या मायला सांगायचे, "चार बोटं उतरलं पानी," आणि माय हातातलं काम टाकून आधी घागरी भरून ठेवायची. मी परकराच्या वयात पाटाच्या काठावर पोटावर पडून असायची, कान जवळजवळ पाण्याला लावून. मायला वाटे पोर आळशी आहे. ते खोटं नव्हतं, पण मी ऐकतही असे. आज गोंदियात मुलाच्या घरी पहाटे नळ फुरफुरतो, तेव्हा मी अंथरुणातूनच सुनेला सांगते की आज अर्धीच टाकी भरेल. ती हसते, पण बादल्या भरून ठेवते.

बाबा गावचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी जायचं, ते पाणकरानं पाहायचं. आम्ही कोहळी, तलाव बांधणं आणि पाणी वाटणं हे आमच्या लोकांच्या हाडात असतं असं म्हणतात. माझ्या हाडात फक्त पाण्याकाठी लोळणं आलं होतं. पाणकर म्हणून बाबांना गावात मान होता, पण त्या मानाची एक खोडही होती. जुन्या रिवाजानं पाणकराची स्वतःची बांधी पाटाच्या अगदी टोकाला असायची. वरच्या सगळ्यांना ओलांडून पाणी टोकापर्यंत पोहोचलं, तरच पाणकराचं धान पिकणार. ज्यानं कोणी हा रिवाज पाडला तो माणसाचा स्वभाव ओळखून होता, एवढंच मी म्हणेन.

आमच्या बांधीच्याही पुढे पाट एका बोडीत संपायचा. बोडी म्हणजे लहानसा तलाव. तिच्या काठावर गोंडांची टोली होती, चौदा घरांची. तिथं विहीर खणली की दोन पुरुषांवर खडक लागायचा, म्हणून माणसं आणि जनावरं त्या बोडीचंच पाणी प्यायची. त्यामुळे पाट सुटला की पहिलं पाणी बोडीचं, मग बाकीच्यांचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची वेळच आली नव्हती.

पण वरच्या लोकांना कळायचं कसं की टोकाला पाणी पुरेसं पोहोचलं? त्यासाठी दोना होता. पळसाच्या पानांचा दोना बाबा स्वतः टोचायचे. काडी सगळे आडवी लावतात, बाबा तिरपी लावत. तळाशी तलावातल्या काळ्या मातीचा गोळा, म्हणजे तो कलंडू नये, आणि मातीत खोचलेली धानाची एक लोंबी. पाट सोडल्यावर आधीचं पाणी पाचोळ्याचं, फेसाचं, बेडकांचं असतं. ते जाऊ द्यायचं. पाणी नितळलं, धार बसली, की बाबा डोक्याचं पागोटं काढून दोना सोडत. कोणी मध्येच बांध फोडला तर दोना त्याच्याच बांधीत शिरणार आणि चोर सगळ्या गावासमोर उघडा पडणार. धार कमी असली तर दोना वाटेतच गवताला अडकणार. टोकाला पोहोचला, तर समजायचं की पाट धड आहे आणि बोडी भरू लागली आहे. तिथं पाणकराच्या घरची कुवार पोर बसलेली असायची. तिनं दोना उचलायचा आणि पाटाच्या काठानं वर पळत सुटायचं. ती दोना दाखवत पुढून गेली की ज्यानं त्यानं आपापला बांध फोडायचा. तोवर फावड्याला हात नाही. दहाव्या वर्षापासून ती पोर मी होते.

त्या दिवसाची मला वर्षभर ओढ असायची. आदल्या दिवशी माय कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांची वडी करायची, आणि सकाळी मला आयते करून द्यायची. तांदळाचे पातळ, धिरड्यासारखे आयते, जाळीदार, सोबत जवसाची चटणी. पळसाच्या पानात बांधलेले आयते दुपारपर्यंत मऊ पडत आणि त्यांना पानाचा वास लागे. बोडीच्या काठी पळसाखाली बसून मी ते हळूहळू खायची. समोर बगळे, मागं टोलीतल्या उखळांचा आवाज, एक पडतंय तोवर दुसरं. बोडीत पाणी शिरताना उन्हाचे तुकडे पाण्याबरोबर आत जातात आणि पसरतात. पाहता पाहता डोळे जड व्हायचे. टोलीतली बुधनबाई, माझ्या मायहून थोडी मोठी, कमरेवर घागर घेऊन यायची आणि दरवर्षी तेच म्हणायची, "झोपू नोको वं पोरी, दोना बोडीत गेला तं त्याले काय मासोळीनं उचलावं?" मग ती माझ्याजवळ बसून एक आयता खायची आणि मायच्या हाताला नावं ठेवायची. मीठ कमी, म्हणायची. दुसरा मात्र मागून घ्यायची.

माझ्या तेराव्या वर्षी आमच्या पाटाला नहर जोडली गेली. दूरवर नदी अडवून काढलेली सरकारी नहर, जिच्याबद्दल आम्ही नुसतं ऐकत होतो, ती गावाच्या वरच्या अंगाला आली आणि तिथं लोखंडी फळीचं दार बसलं. आता पाण्यासाठी तलावाच्या मर्जीवर राहायला नको, म्हणून गाव हरखून गेलं. बाया नहर पाहायला सजून गेल्या होत्या. मला ती आवडली नाही. इतकी सरळ होती की तिच्या काठी पडून ऐकावं असं काही नव्हतं.

नहरीबरोबर ओव्हरसियर आला. गोंदियाकडचा, हिंदी बोलणारा, सायकलच्या दांड्याला छत्री बांधलेला. माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे नंबरांचा कागद होता: दारापासून खाली एक, दोन, तीन, असे बांध्यांना नंबर, आणि त्याच क्रमानं पाणी. बोडीला नंबर नव्हता, कारण बोडी काही शेत नव्हे. बाबांनी त्याला आमच्या ओट्यावर बसवून मायच्या हातचं ताक पाजलं आणि दोन्याचं सगळं समजावून सांगितलं. तो हसला. मग थोडा वेळ विचार करून म्हणाला, "ठीक है पाणकर. एक साल तुम्हारे कायदे से चलाओ. मगर एक भी शिकायत आई, जरा भी झगड़ा हुआ, तो अगले साल से सरकारी नंबर. फिर मुझे मत बोलना." बाबा म्हणाले, "तकरार नाई होनार, बाबूजी." त्या संध्याकाळी मायनं विचारलं, एवढी हमी कायले दिली? बाबा म्हणाले, "नंबर लागले तं टोली काय पिईन वं?"

आता आत्याविषयी सांगायला हवं. भागाआत्या बाबांची धाकटी बहीण, गावातच दिलेली. माझ्या लहानपणी ती विधवा झाली. तिला मूलबाळ नव्हतं. मला न्हाऊ घालणं, वेणी घालणं, मारणं, लाड करणं, ही सगळी कामं मायपेक्षा तिनंच जास्त केली. नवऱ्याच्या वाट्याच्या दोन बांध्या तिच्याकडे होत्या, पाटाच्या अगदी सुरुवातीला, लोखंडी दारापासून हाकेच्या अंतरावर. तिचा दीर म्हणायचा, बाई माणसाच्यानं शेती होत नाही, बांध्या आम्हाला दे आणि आमच्या चुलीवर दोन वेळ जेव. त्याचं म्हणणं गावाला पटत होतं. आत्यानं चार माणसांत एक वर्ष मागून घेतलं होतं. एक पीक स्वतः काढून दाखवते. नाही निघालं तर बांध्या तुमच्या. तिनं स्वतः चिखल केला, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं उपटली, बायांबरोबर गाणी म्हणत रोवणा केला. दिराच्या चुलीवर जेवायचं म्हणजे काय, हे ती मला कधी सांगायची नाही. एकदाच म्हणाली, "तिथं मी मीठ बी मांगून घेईन."

त्या वर्षी पाऊस दसऱ्याच्या कितीतरी आधी गेला. धान पोटरीत होतं. पोटरीतल्या धानाला पाणी नाही मिळालं तर लोंबी बाहेर येते खरी, पण दाणा भरत नाही. आत हवा राहते. तलावात पाट सोडण्याइतकं पाणी उरलं नव्हतं, आणि सगळं गाव नहरीकडे डोळे लावून बसलं होतं. एकदाचं दार उघडलं आणि आठ दिवसांची पाळी आमच्या पाटाला मिळाली.

पहिल्या दिवशी मी टोकाकडे निघाले तेव्हा आत्या आपल्या बांधीच्या धुऱ्यावर बसली होती, पाय पाटात सोडून. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागून खाली जात होतं. हातभर अंतरावर तिच्या बांधीला तडे गेले होते. मी वाकून एका तड्यात बोट घातलं तर ते पूर्ण आत गेलं. "आत्या, किती दिवस टिकन?" मी विचारलं. ती म्हणाली, "टिकन तवरिक टिकन. तू जाय. दोना येईन तवा येईन, माह्याकडं पाहून पळू नोको." आणि माझ्या फडक्यात तिनं आणखी दोन आयते बांधले. तिच्या घरचे आयते जाड असत.

त्या दिवशी दोना आला नाही. पाणी आलं, पण कसं, तर पाटाच्या तळाशी सरपटत. नहरीचं दार अर्धंच उचललं होतं, हे मला नंतर कळलं. मी ऐकत होते. पाणी बडबडत होतं, दगडादगडाला टेकत येत होतं, आणि बोडीच्या कोरड्या चिखलात जिरून जात होतं. दिवस मावळायला बाबांनी निरोप पाठवला, घरी ये, आज दोना सोडलाच नाही, धार बसली नाही. येताना आत्याच्या बांधीवरून आले. पाती वळायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी पुन्हा पळसाखाली. ऊन असं होतं की बगळेसुद्धा सावलीत उभे होते. टोलीतल्या बाया येऊन बोडीत पाहायच्या. खोलगट भागात गुडघाभरही पाणी नव्हतं, ते घागरीत घ्यावं तर अर्धा गाळ. बुधनबाई आली, बसली, आयता खाल्ला आणि मिठाबद्दल काही बोलली नाही. "येईन," एवढंच म्हणाली आणि बैल सोडायला गेली. मी एकटी राहिले. समोर पाटात फेस वळून वळून जात होता. मला त्या फेसात आत्याचे पाय दिसत होते. जागेपणी दिसत होते की डोळा लागला होता, हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही. आत्या दिराच्या स्वयंपाकघरात पाटावर बसली आहे आणि मिठासाठी हात पुढे करते आहे, असंही दिसलं. मग मी उठले आणि पळसाची पानं तोडली.

माझे हात काय करताहेत ते मला नीट कळत होतं. भूल पडली, वय लहान होतं, असली सबब मी सांगणार नाही. मी काडी तिरपी लावली. बोडीच्या काठची काळी माती घेतली. लोंबी आमच्याच बांधीतली खुडली, जी अजून पुरती बाहेरही आली नव्हती. दोना पाण्यात बुडवून ओला केला. बाबांचा दोना आणि माझा दोना शेजारी ठेवले असते तर मायलाही ओळखू आला नसता. त्यावेळी मला त्याचा आनंद झाला होता, हेही लिहून ठेवते.

आणि मी पळाले. "दोना आला! दोना आला!" पाटाच्या काठानं, परकर खोचून, हात वर धरून. दोन दिवस बांधावर खोळंबलेली माणसं उठली. माझ्या मागं फावड्यांचे धप्प धप्प आवाज येऊ लागले, एकामागून एक, आणि दर आवाजानंतर बांधीत शिरणाऱ्या पाण्याचा सुस्कारा. कोणीतरी शिट्टी मारली. कोणीतरी म्हणालं, "शाब्बास वं पाणकराची!" आत्याच्या बांधीशी पोहोचले तेव्हा तिला फावडं सापडेना, तिनं हातांनीच बांध फोडला. पाणी तड्यांत शिरताना बुडबुड असा आवाज झाला. आत्या रडत होती आणि हसत होती. मी थांबले नाही, कारण दोना शेवटी पाणकराच्या हातात द्यायचा असतो.

लोखंडी दारापाशी बाबा उभे होते. शेजारी ओव्हरसियर, सायकल धरून. बाबांनी त्याला सकाळीच निरोप धाडून बोलावलं होतं की पाणी अर्धंच येतंय, येऊन पाहा, दार आणखी उचलायला लागेल. तो नुकताच आला होता. दाराची किल्ली त्याच्या हातात होती. आणि बाबांच्या हातात दोना होता. तिरप्या काडीचा, काळ्या मातीचा, कोरडा. त्यांनी तो अजून सोडलाच नव्हता.

मी त्यांच्यापासून चार पावलांवर थांबले. माझ्या हातातल्या दोन्यातून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. माझ्या मागून दहाबारा माणसं आनंदानं बोलत येत होती. बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते मला ओळखत नसल्यासारखे पाहत होते. मग त्यांनी आपला दोना सावकाश धोतराच्या सोग्यात सारला. त्यातली काळी माती फुटली आणि पांढऱ्या कापडावर तिचा डाग उमटला.

"क्यों पाणकर," ओव्हरसियर म्हणाला, "तुम तो कहते थे पानी कम है. दोना तो पहुँच गया!"

मागची माणसं आता अगदी जवळ आली होती.

"पोहोचला, बाबूजी," बाबा म्हणाले.

ओव्हरसियरनं किल्ली खिशात टाकली. दार अर्ध्यावरच राहिलं. मी आणखी घटकाभर बसून राहिले असते, तर ते दार पूर्ण उचललं गेलं असतं. पाट भरला असता, बोडी भरली असती, आत्याला उशिरा का होईना पाणी मिळालं असतं. हा हिशेब मी आयुष्यात इतक्या वेळा केला आहे की आता तो केला काय, न केला काय.

त्या संध्याकाळी बाबांनी धोतर स्वतः धुतलं. मायनं विचारलं तर म्हणाले, माती लागली. लाखोळीची डाळ होती, माझ्या आवडीची. मी ताट तसंच सारलं. जेवून बाबा उठले, हात धुतले आणि "टोलीकडं जाऊन येतो" म्हणून काठी घेऊन गेले. मला वाटलं, बोडी पाहायला गेले असतील. दुसऱ्या दिवशी उजाडताना त्यांनी मला हलवून उठवलं. अंगणात कावड तयार होती. त्यांनी कावड उचलली आणि माझ्यापुढे घागर ठेवली. आम्ही दारापाशी नहरीचं पाणी भरलं आणि कोसभर चालून टोलीत नेऊन ओतलं. मग परत. मग पुन्हा. पाळीचे आठ दिवस संपले आणि दार बंद झालं. तेव्हा आम्ही गावच्या तलावातून नेलं. पुढचा पाऊस लागेपर्यंत हे चाललं. लोकांना वाटे पाणकरानं काही नवस बोलला असेल. विचारलं तर बाबा नुसते हसत. टोलीतल्या बायाही सकाळी डोक्यावर घागरी घेऊन आमच्या मागं तलावापर्यंत येऊ लागल्या. वाटेत त्या माझी थट्टा करायच्या, मी पाणी सांडते म्हणून. त्यांना काही माहीत नाही, या समजुतीनं मला त्यांच्या थट्टेनं जास्तच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सुगीला आमच्या टोकाच्या बांधीतलं धान उभं दिसायचं, पण हातात घेतलं की हलकं. मायनं सुपानं पाखडलं तेव्हा निम्म्याहून अधिक फोल उडून गेलं. आत्याचं पिकलं. फार नाही, पण तिचं तिला वर्षभर पुरेल इतकं. दिरानं चार माणसांत मान हलवली आणि बांध्या तिच्याकडे राहिल्या, त्या ती मरेपर्यंत राहिल्या. नव्या तांदळाचे आयते खायला तिनं मला बोलावलं, तेव्हा मी पोट दुखतं म्हणून गेले नाही. पण तिच्या अंगणातून धूर निघताना पाहून मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मी खोटं म्हणणार नाही. जे केलं ते वाईट होतं आणि त्यानं आत्याची चूल राहिली, ह्या दोन्ही गोष्टी माझ्या पोटात एकमेकींच्या शेजारी बसून आहेत, आणि इतक्या वर्षांत त्यांचं भांडण मिटलेलं नाही.

बाबा ह्या विषयावर कधीच बोलले नाहीत. मी मनाशी धरलं होतं की त्यांनी माझ्यासाठी, मला गावासमोर चोर ठरू न देण्यासाठी, आयुष्यात पहिलं खोटं तोंडातून काढलं. लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर त्या लाजेच्या खाली थोडा अभिमानही वाटायचा. बापाचा जीव आहे आपल्यावर, असा.

उन्हाळ्यात मला ते सहन होईना. एका सकाळी बुधनबाईच्या अंगणात घागर उतरवली आणि म्हणाले, "मावशी, दोना आला नव्हता. मीच केला होता."

ती मोहाची फुलं वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "मालूम हाय."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा तिनं मान वर केली. "पोरी, आमी टोकावर राहतो. पानी आलं का नाई आलं, आमाले समजत नाई का? आन् तुहा बाप त्याच दिवशी राती आलता. सगळ्याईले बलावलं. म्हने, माह्या पोरीनं खोटा दोना केला, आन् मी बाबूसमोर त्याले खरा म्हनलो. तुमी म्हनसान तं उद्या जाऊन खरं सांगतो. पन मंग तकरार होईन, नंबर लागन, आन् बोडीले नंबर नाई. तुमीच सांगा, काय करू?"

"मंग?"

"मंग काय. रातभर नाई झोपलो आमी. पोरंसोरं तहानले होते." ती पुन्हा फुलं पसरू लागली. "म्हनलं, गप राहू. एका सालाची तहान सोसू. तुह्यासाठी नाई वं, दोन्यासाठी. तुहा बाप रडला तवा."

मी अंगणातच बसले. बाबा रडले होते, ह्या माणसांसमोर, आणि मला वाटत होतं ते सगळं माझ्यासाठी चाललंय. रोज माझी थट्टा करणाऱ्या बायांना पहिल्या रात्रीपासून सगळं ठाऊक होतं, आणि त्या गप्प होत्या. मला कोणी इतकं मारलं नव्हतं आयुष्यात.

"एकच मांगलं आमी त्याले," बुधनबाई म्हणाली. "पुढच्या सालापासून टोकाले आमची पोर बसन. तुमची नाई."

बाबांनी ते गावाला काय म्हणून सांगितलं, ठाऊक नाही. बहुतेक मी मोठी झाले, हेच कारण दिलं असेल. पुढच्या वर्षी सरकारी नंबर लागले नाहीत. पाट सुटला त्या दिवशी मायनं सवयीनं आयते केले आणि मग ते कोणाला बांधून द्यावे ते तिला कळेना. मी ते घेऊन आत्याच्या बांधावर गेले. तिथं तिच्याशेजारी बसले, पाय पाटात सोडून. पाऊस त्याही वर्षी लवकर गेला होता आणि पाणी आमच्या पोटऱ्यांना लागून खाली चाललं होतं. बांधी कोरडी होती. मला पाण्याचा काही आवाज ऐकू येत नव्हता, म्हणजे पाट भरून चालला होता, पण तरी मी कान देऊन होते. आत्या म्हणाली, "येईन का वं आज?" मी म्हणाले, मला काय ठाऊक. दुपार कलली. वरचे सगळे बांधांवर फावडी घेऊन उभे होते आणि कोणी हात लावत नव्हतं.

मग ती आली, बुधनबाईची नात, आठनऊ वर्षांची, झिंज्या सुटलेल्या, ओरडून ओरडून घसा बसलेला. मी उठून उभी राहिले. माझ्यासमोर येऊन ती थांबली, धापा टाकत, आणि दोना तिनं माझ्या तोंडासमोर धरला, मी तपासून पाहावं म्हणून. तिला घरून तसं सांगितलं असावं.

मी दोन्याकडे पाहिलं नाही. फावडं उचललं आणि आत्याचा बांध फोडला.